नमुन्याचा मजकूर

मी एक वेबसाइट बोलतेय. दचकू नका, मला तुम्हाला काही विकायचं नाही, आणि पुढे जायच्या आधी कुठलंही बटण दाबायला लावणार नाही. मी दुकान नाही की कंपनी नाही. जालन्यातल्या एका वेब डिझायनरची मी घरची वेबसाइट. त्याचं नाव भागवत, गाव वाटूर. इतरांच्या वेबसाइट तो पोटासाठी बनवतो, मला मात्र त्यानं हौसेनं बनवलं. हौसेच्या वस्तूंचं पुढे जे होतं तेच माझंही झालं.

माझा जन्म टाळेबंदीतला. पुण्यातली नोकरी सुटली आणि भागवत वाटूरला परत आला. घरात रेंज मिळेना म्हणून तो लॅपटॉप घेऊन गच्चीवर जाऊन बसायचा. खालून त्याचे वडील, कारभारी, हाका मारायचे, "भागवत, खाली ये, ऊन लागंल." तो म्हणायचा, "आलो आबा," आणि पुन्हा माझ्या मथळ्याचा रंग बदलायचा. माझा पहिला आठवडा सगळा त्या उन्हात गेला.

मला बोलणं कसं ऐकू येतं, असं तुम्ही विचाराल. माझं पान उघडं असलं की समोरचं कानावर पडतंच. वेबसाइटला कुठले कान, असं म्हणू नका. तुमच्या फोनला असतात हे तुम्हाला ठाऊक आहे, मग मीच काय पाप केलंय?

तेव्हा भागवत माझ्या पानांवर फार छान लिहायचा. एकदा आबांनी त्याला सांगितलं होतं, की पेरताना दोन तासांत, म्हणजे पिकाच्या दोन ओळींत, अंतर का ठेवायचं. पीक दाटलं की त्याला वारा लागत नाही आणि शेंगा धरत नाहीत. त्यावर त्यानं लिहिलं, की अक्षरांनाही वारा लागला पाहिजे, पानावर मोकळी जागा सोडायला डिझायनरनं घाबरू नये. आणखी एकदा आष्टीच्या बाजारातून आला आणि लिहायला बसला. बाजारात ओरडून माल विकणारा निदान आपल्यासमोर उभा असतो, आणि माल खराब निघाला तर पुढच्या बाजारी त्याला गाठता येतं. इंटरनेटवर ओरडणारा कुणालाच दिसत नाही, म्हणून तिथं लिहिणाऱ्यानं जास्त जपून लिहावं, असं त्याचं म्हणणं. हे वाक्य अजून माझ्या पानावर आहे. आता ते वाचलं की मलाच खाली मान घालावीशी वाटते.

पुढे त्यानं जालन्यात स्टेशन रोडला एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर खोली घेतली आणि धंदा सुरू केला. या धंद्याची एक रीत सांगते, कारण सगळं घडलं ते तिच्यामुळेच. गिऱ्हाइकाला वेबसाइटचा आराखडा दाखवताना खरा मजकूर हातात नसतो. मग रिकाम्या चौकटीत काहीतरी नमुन्याचं भरून ठेवायचं, म्हणजे पान कसं दिसेल ते कळतं. बाकीचे डिझायनर तिथं कुठल्यातरी परक्या भाषेतली निरर्थक अक्षरं ओततात. जालन्याची गिऱ्हाइकं ती पाहून म्हणायची, "हे काय लिवलंय बुवा?" म्हणून भागवत नमुन्याचा मजकूरही अस्सल मराठीत, अगदी खऱ्यासारखा लिहू लागला. हलवायाच्या वेबसाइटवर खोटी आजी पेढ्यांची तारीफ करायची, शिकवणीच्या वेबसाइटवर खोटा बाप गहिवरायचा. काम पक्कं झालं की तो मजकूर काढून खरा टाकायचा, असा त्याचा शिरस्ता होता.

या कसबाचा त्याला अभिमान होता, आणि खोटं कशाला बोलू, मलाही होता. 'नमुना खऱ्यासारखा कसा लिहावा' असा लांबलचक लेख त्यानं माझ्यावर टाकला. एक्केचाळीस लोकांनी वाहवा केली. मला त्याआधी कधी पाचाच्या वर प्रतिक्रिया आल्या नव्हत्या, त्यामुळे मी दोन दिवस हवेतच होते.

मग एका बियाणं कंपनीचं काम आलं. कंपनीचं नाव घेत नाही, ते माझ्याकडे लिहिलेलं नाही. तिचे व्यवस्थापक मुकुंद साहेब, बोलायला गोड माणूस. सोयाबीनच्या पानावर 'शेतकरी म्हणतात' अशी एक चौकट होती. भागवतनं तिथं स्वतःच्या आबांचा फोटो लावला, मूठभर दाणे तळहातावर घेऊन बसलेले. फोटो त्यानंच मागं कधीतरी मोबाइलवर काढलेला. खाली लिहिलं: 'मी स्वतः गोणपाटात घालून पाहिलं. शंभरातले पंच्याण्णव दाणे उगवले. — कारभारी, वाटूर.'

गोणपाटाचं काय ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पेरणीच्या आधी दहाबारा दिवस आबा बियाण्याचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात. पाचसहा दिवसांनी उलगडायचं आणि किती उगवले ते मोजायचं. सत्तरच्या वर आले तर पेरा, कमी आले तर परत करा. हे कुणीही करू शकतं, पण अर्धं गाव आपलं मूठभर बियाणं घेऊन आबांच्याच ओसरीवर यायचं, कारण आबा मोजताना कुणाचं तोंड बघत नाहीत. सख्ख्या मेहुण्यानं आणलेलं बियाणं त्यांनी सगळ्यांदेखत 'टाकाऊ' म्हणून सांगितलं होतं. मेहुणा वर्षभर बोलला नाही.

मुकुंद साहेबांनी पान पाहिलं आणि म्हणाले, "भागवतराव, हे असंच राहू द्या."

"साहेब, ते नमुन्याचं आहे. तुम्ही खऱ्या शेतकऱ्याचं मत द्या, मी बदलतो."

"यापेक्षा खरं काय असणार? तुमचे वडील आहेत, शेतकरी आहेत. राहू द्या हो."

मी तेव्हा लॅपटॉपवर शेजारच्याच खिडकीत उघडी होते, भागवतची बोटं थांबलेली मला कळली. मग तो म्हणाला, "बरं, साहेब." एवढंच. माणसाचं नाक कापलं जातं तेव्हा फार मोठा आवाज होतो असं नाही.

पान सुरू झालं. कंपनीच्या लोकांनी त्या चौकटीचं चित्र काढून मोबाइलवर पसरवलं. वाटूरच्या ग्रुपवरही ते आलं. आबांकडे साधा बटणांचा फोन, त्यामुळे त्यांना पत्ता नव्हता. शेजारच्या शेताचा रामप्रसाद एक दिवस बांधावर भेटला आणि त्यानं आपला फोन पुढे धरला, "काका, फोटो लई भारी आलाय तुमचा." आबांचा चष्मा घरी. त्यांना आपलं तोंड दिसलं, अक्षरं दिसली नाहीत. हसून म्हणाले, "पोरानं लावला आसंल." रामप्रसादला वाटलं, काकांनी हो म्हटलं. आबांना वाटलं, फोटोचंच कौतुक चाललंय. हे सगळं मला नंतर, भागवतच्या लिहिण्यातून कळलं.

त्या जूनमध्ये ओसरीवर मूठभर बियाणं घेऊन फारसं कुणी आलंच नाही. काकांनी पाहिलंय म्हटल्यावर कोण कशाला पाहील? आबांनी स्वतः घरचंच राखलेलं बियाणं गोणपाटात पाहून पेरलं. ते तरारून आलं. रामप्रसादनं आणि आणखी सातआठ जणांनी कंपनीचं पेरलं. त्यातले शंभरात तीसही वर आले नाहीत. सगळ्यांना दुबार पेरावं लागलं, तोवर पाऊस पुढे सरकला होता. बांधाच्या अलीकडे आबांचं हिरवं शेत आणि पलीकडे रामप्रसादचं उघडं रान. गाव काय म्हणणार? स्वतःला चांगलं ठेवलं आणि आपल्याला दुसरं सांगितलं.

हे कानावर आलं आणि आबा दुसऱ्याच दिवशी एसटीनं जालन्याला आले. चष्मा लावून. जिना चढून आले आणि बसलेसुद्धा नाहीत. हातात रामप्रसादचा फोन होता, मागून आणलेला.

"भागवत, हे मी कधी बोललो?"

"आबा, ते नमुना म्हणून टाकल्तं."

"नमुना म्हंजे?"

"म्हणजे... तात्पुरतं. जागा भरायला."

"जागा भरायला माझं तोंड घेतलं?"

आबाच पुढे म्हणाले, "रामप्रसाद माझ्या दारात आल्ता. शिवी न्हाई दिली त्यानं. काका, तुम्ही सांगितलं म्हून घेतलं, एवढंच बोलून गेला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं." मग टेबलावरच्या लॅपटॉपकडे, म्हणजे माझ्याकडे, बोट दाखवून म्हणाले, "तुझी बी जागा हाय ना इंटरनेटवर? तिथं लिही. कारभारी असं बोलला न्हाई, पोरानं लिवलं. बस. जास्त काही नको."

"लिहितो आबा. आजच लिहितो."

आबा पाणीही न पिता उतरून गेले. भागवतनं आधी मुकुंद साहेबांना फोन लावला. साहेब गोडच बोलले. "चौकट काढून टाका, माझी हरकत नाही. पण वाच्यता कशाला? पुढच्या हंगामाची सगळी पानं तुमच्याकडेच द्यायची ठरतायत." चौकट निघाली, पाच मिनिटांचं काम. पण वाटूरच्या मोबाइलांतलं चित्र कसं निघणार? उलट लोक म्हणाले, म्हाताऱ्यानं गुपचूप काढायला लावलं.

त्याच दुपारी भागवतनं माझ्यावर लिहायला घेतलं. चांगलं लिहिलं हो. आडपडदा न ठेवता, पहिल्याच ओळीत स्वतःचं नाव घेऊन. मला वाटलं, आता प्रकाशित करायचं बटण दाबेल. त्यानं 'मसुदा' म्हणून जपून ठेवलं. दुसऱ्या दिवशी अक्षरांचा आकार बदलला. तिसऱ्या दिवशी दोन ओळींमधलं अंतर. मथळा आधी काळा होता, मग करडा, मग पुन्हा काळा. मी मोजलंय, अकरा वेळा रंग बदलला. माफी मागायला जीभ रेटेना, म्हणून तो त्या माफीचीच वेणीफणी करत बसला. मला त्याचा राग येत होता आणि कीवही येत होती. अशी पानं जगात किती मसुद्यात पडून असतील, देव जाणे.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. कंपनीची पुढची पानं त्यानं केली. त्यात एकाही शेतकऱ्याचं मत नव्हतं, एवढं त्यानं पाळलं. माझ्यावर मात्र त्यानंतर एक शब्द लिहिला नाही. आतलं पान तसंच ठेवून वर दुसरं काय लिहिणार?

यंदा मे महिन्यात तो वाटूरला गेला आणि लॅपटॉपवर मला उघडून ओसरीवर बसला. आबा गोणपाट भिजवत होते. दाणे फक्त घरचे होते. त्याची आई, उषाबाई, भाकरी थापता थापता आतून म्हणाली, "आवंदा कोणी येऊन न्हाई राह्यलं रे. रामप्रसाद तर वाट बदलून जातो." आबांनी गोणपाट पिळलं.

भागवतनं आबांना तो मसुदा वाचून दाखवला. पहिल्यापासून शेवटपर्यंत. आबांनी ऐकून घेतलं. ओले हात धोतराला पुसले.

"बराबर लिवलंय," ते म्हणाले. "पण मला कशाला वाचून दाखवून राह्यला? मला म्हाइतच हाय, मी न्हाई बोललो ते. ज्यांना म्हाईत न्हाई त्यांना दाखव."

"टाकतो आबा. एक ओळ तेवढी नीट करतो, मंग टाकतो."

आबांनी त्याच्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. आपल्याला ज्याची ओळख पटत नाही अशा माणसाकडे बघावं तसं पाहिलं, आणि उठून शेताकडे गेले. भागवत ती ओळ नीट करत बसला. ती आधीच नीट होती.

त्या दिवसापासून त्यानं मला उघडलेलं नाही. माझ्या नावाची, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्याची, मुदत या महिन्याअखेर संपते. नूतनीकरणाच्या सूचना त्याला येतायत, तो बघत नाही. कदाचित त्याला तेच हवं असेल. मी गेले की आतला मसुदाही जाईल, आणि मग नीट करायला ओळच उरणार नाही. मला जाण्याचं दुःख नाही. वेबसाइटी येतात आणि जातात. दुःख एवढंच, की ज्या मुलानं मोकळ्या जागेवर इतकं सुंदर लिहिलं, त्यानं एक चौकट रिकामी सोडली असती तर भागलं असतं. आणि ज्या लेखानं त्याला खोट्याची चटक लागली तो मी मिरवत बसले, हे दुःखही आहे. तो लेख अजून उघडा आहे, आणि माफी मात्र बंद.

त्याचं बटण मला दाबता येत नाही. पण आपली कहाणी सांगायला वेबसाइटला कुणाची परवानगी लागत नाही, म्हणून आज बोलले. तुमच्यापैकी कुणी परतूरच्या वाटेनं जात असेल, तर वाटूरला जरा थांबा. रामप्रसादचं शेत कुणीही दाखवेल. त्याला सांगा, कारभारीकाकांनी ते बियाणं हातातही धरलं नव्हतं. ते शब्द त्यांचे नव्हते. भागवतचे होते, आणि ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.