टबातला फेस

वाल्देसिरने टबातल्या फेसात बोट बुडवलं, नाकाशी नेलं आणि धक्क्यावरच्या सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

“साबण,” तो म्हणाला.

टबात चिलखती मासे पोटं वर करून तरंगत होते. बोटाएवढी ती मासोळी, मिशाळ तोंडाची, अंगावर खवल्यांऐवजी हाडाच्या पट्ट्या. ओढ्याच्या गुडघाभर पाण्यात कंबर मोडेपर्यंत वाकून वाल्देसिरने आणि त्याची विहीण ओस्मारिना हिने ती धरली होती. शहरातले लोक ती काचेच्या पेटीत ठेवतात म्हणे. पाणी ओसरलं की नोनातोची लाँच नदीवरून यायची आणि जिवंत मासे घेऊन जायची. मेलेल्या चिलखतीला मांजरसुद्धा तोंड लावत नसे.

“मघाशी तर उसळ्या मारत होते,” नोनातो लाँचच्या कठड्यावरून वाकून म्हणाला.

“विहीणबाईंनी काल यात कपडे भिजवले असणार. दुसरं काय?”

ओस्मारिना पायरीवर उभी राहून घागऱ्याचं ओलं टोक पिळत होती.

“या टबात मी कपडे धूत नाही,” ती म्हणाली.

“मग फेस काय माशांनी काढला?”

लोक हसले. ओस्मारिनाने एकदा व्याह्याकडे पाहिलं, एकदा त्याच्या मागे उभ्या असलेल्या सुनेकडे. जांदिरा वाल्देसिरची एकुलती एक मुलगी. तिचे दिवस भरत आले होते आणि नवरा ताडाच्या झाडांचा काथ्या कापायला दूर जंगलात गेला होता. ओस्मारिनाने टब उचलला, नदीत रिकामा केला आणि घरी निघून गेली.

पुढच्या खेपेपासून नोनातो तिच्याकडचे मासे घेईना. धक्क्यावरच्या रिकामटेकड्यांनी तिला ‘साबणवाली’ नाव ठेवलं. तिने जाळी आढ्याला टांगली आणि कसाव्याच्या कंदांचं पीठ भाजायच्या छपरात कामाला जाऊ लागली. वाल्देसिर एकटाच ओढ्यावर जाई. “व्याही, मासे पाण्यात असतात, झाडावर काय बघताय?” असं ओरडायला आता कुणी नव्हतं. काम शांतपणे होत होतं. ती शांतता त्याला आवडत नव्हती, पण हे त्याने कुणाजवळ कबूल केलं नसतं.

एका दुपारी होडीतून परतताना पाण्याखालच्या खोडावर होडी आदळली. टब कलंडता कलंडता राहिला. निम्मे मासे होडीच्या तळाशी सांडले. वाल्देसिरने ते घाईघाईने ओंजळीने भरून परत टाकले, बोटांत काटे घुसले तसा तो चिडला, टबाला दोन लाथा घातल्या. मासे टबाच्या भिंतीला धडकत गोल गोल पळू लागले. मग टबाच्या कडेला पांढरा फेस धरला. एक मासा तिरका झाला. मग त्याच्या शेजारचा. बघता बघता सगळे उलटे झाले.

टब त्याने सकाळी वाळूने घासला होता. पाणी ओढ्याचं होतं. आसपास घर नाही, माणूस नाही. त्याने फेसात बोट बुडवलं आणि नाकाशी नेलं. कसलाच वास नव्हता.

त्या दिवशी धक्क्यावरही नव्हता.

त्याने आधी काठाकडे पाहिलं. कुणी पाहत नाही अशी खात्री करून त्याने टब पाण्यात उपडा केला. मग वाळू घेऊन तो टब घासत बसला, जणू घरी कुणी तो तपासणार होतं.

त्यानंतर तो पिठाच्या छपराजवळून बरेचदा गेला आणि बरेचदा तसाच पुढे निघून गेला. शेवटी एकदा खांबाला धरून उभा राहिला. मोठ्या तव्याभोवती बायका फावड्यांनी पीठ हलवत होत्या.

“विहीणबाई, जरा बाहेर येता?”

“हात कामात आहेत. इथंच बोला.”

बायकांची फावडी मंदावली. वाल्देसिर खांबाची साल नखाने खरवडू लागला. त्याच्याकडे जरा वेळ पाहून ओस्मारिना हात पुसत बाहेर आली.

“तो फेस माशांचाच असतो,” तो म्हणाला. “भ्याले की सोडतात आणि त्यातच मरतात. साबण नव्हताच.”

“ठाऊक आहे मला.”

“कधीपासून?”

“तुम्ही नोनातोपुढे मिरवायला टब हिंदकळवत होता ना, तेव्हापासून. आमच्या ह्यांनी पण एकदा असेच टबभर मासे मारले होते.”

“मग तेव्हाच बोलला का नाहीत?”

“जांदिरा उभी होती मागं. पोटुशी पोर. सगळ्या गावादेखत बापाची फजिती बघायची तिनं? मला काय, चार लोक हसतील आणि घरी जातील.”

“लाँच आली की मी सांगतो सगळ्यांना.”

“काही सांगू नका. पोरगी सुखरूप मोकळी होऊ दे आधी.”

त्याने मान डोलावली. छातीवरचं ओझं उतरलं. छपरापासून चार पावलं दूर आल्यावर आपल्याला किती हलकं वाटतंय हे त्याच्या ध्यानात आलं आणि कानशिलं तापली.

तिथून तो लेकीकडे गेला. जांदिरा पायरीवर बाळाची दुपटी घड्या घालत बसली होती. तिने बापाला कॉफी दिली.

“ही दुपटी मी वेगळी ठेवलीत,” ती म्हणाली. “सासूबाईंना सांगून टाकलंय, हात लावायचा नाही. टबात साबण घालणारी बाई, बाळाच्या कपड्यांचं काय करेल!”

ती हसली. बाप हसेल म्हणून थांबली.

“काय म्हणाल्या त्या?”

“काय म्हणणार? ‘बरं’ म्हणाल्या. चोराच्या मनात चांदणं.”

वाल्देसिरने कप खाली ठेवला.

“ते मासे मी मारले, जांदिरा. साबण नव्हता. मला कसलाही वास आला नव्हता, तरी मी म्हणालो.”

तिने हातातलं दुपटं उलगडलं, पुन्हा घडी घातली, पुन्हा उलगडलं.

“त्यांना माहीत होतं?”

“पहिल्यापासून.”

“आणि मी त्यांना रोज...”

तो उठू लागला.

“जाऊ नका,” ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. “त्या येईपर्यंत बसा.”

दोघं बसून राहिले. कॉफीवर साय धरली. उन्हं कलल्यावर ओस्मारिना डोक्यावर पिठाचं पोतं घेऊन आली.

“असे का बसलात? कोण गेलं?”

जांदिरा कठड्याला धरून कष्टाने उठली, पायऱ्या उतरली आणि पोत्यासाठी दोन्ही हात पुढे केले. ओस्मारिनाने तिच्या खांद्यावरून वाल्देसिरकडे पाहिलं. तो स्वतःच्या पायांकडे बघत होता.

“तेवढंही पोटात राहिलं नाही तुमच्या,” ती म्हणाली.

तिने सुनेच्या हातात पोतं दिलं नाही. एका हाताने तिचं कोपर धरून तिला वर चढवलं आणि दोघी घरात गेल्या. वाल्देसिर अंगणातच उभा राहिला. जावं की थांबावं, त्याला कळेना. आत चुलीचा धूर झाला. मग आतूनच ओस्मारिनाचा आवाज आला, ओढ्यावर यायचा तसा, खणखणीत.

“आणि लाँच आली की तिथंही सांगा, व्याही! मोठ्यानं सांगा. मी येणार आहे ऐकायला.”