सौंदडच्या गाण्यांची जागा

माझे पती रत्नपाल निवृत्त झाले त्याच वर्षी त्यांच्या कारखान्यातला मेनफ्रेम भंगारात गेला. खोलीभर मोठा तो संगणक त्यांनी तरुणपणापासून सांभाळलेला. घरातले कोणी गेल्यासारखे त्यांनी मला ते सांगितले.

मग दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात, कुडव्याच्या आमच्या घरी, त्यांनी तेच यंत्र पुन्हा उभे करायला घेतले. लहान कॉम्प्युटरला मोठ्याचे सोंग घ्यायला लावणारा एक प्रोग्राम त्यांना मिळाला होता. मोठ्या यंत्राच्या डिस्कही सोंगाच्याच, पण प्रत्येकीला खरी जागा लागे. ते एकेका डिस्कला नंबर देत, नाव देत, कोरी करून घेत. मी शेजारी तांदूळ निवडत बसे. शेवटच्या डिस्कपाशी कॉम्प्युटरमधली जागा संपली.

"अल्का, हे एवढं काय भरून ठेवलं?"

"माय आहे माझी."

माझी आई भागीरथा माझ्या माहेरी, सौंदडला, भाताच्या रोवण्याच्या वेळी बांधीतल्या चिखलात उभी राहून गायची. ते मी कॅसेटवर घेतले होते आणि आमच्या अतुलने कॉम्प्युटरवर चढवले होते. कॅसेट पुढे उंदरांनी खाल्ल्या. आईही गेली.

"पुसाल तर पाहा!"

"मी काऊन पुसू? इचारून राहिलो फक्त."

पण चेहरा उतरला होता. उभे होत आलेले यंत्र हातचे जाणार असे त्यांना वाटत होते. मलाच राहवेना.

"त्या डिस्कबिगर चालतच नाही का?"

"चालते. पण सुरू केलं का रोज कटकट करन."

"करू द्या. मी नाही करत का?"

"हो, तशी सवय आहे मले," म्हणत ते हसले आणि बाकीच्या डिस्क लावून मोकळे झाले.

दुसऱ्या दिवशी काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे उमटली. त्यांचे डोळे भरून आले. तेवढ्यात यंत्राने विचारले, एक डिस्क दिसत नाही, ती लावता की तिच्याशिवाय पुढे जाऊ?

"जा बापा पुढं. तिथं सासूबाई गाऊन राहिल्या," ते मोठ्याने म्हणाले आणि उत्तर टाइप केले.

मग रोजचेच झाले. शेवटी त्यांची नजर अधू झाली तेव्हा ते खाटेवरून विचारायचे, "काय म्हणते?"

"तेच."

"सांग मग."

मी यंत्राला 'पुढे जा' असे टाइप करून सांगायची.

ते गेल्यावर दिवाळीला अतुल नवा कॉम्प्युटर घेऊन आला. आजीची गाणी, बाबांचे यंत्र, सगळे त्याने त्यात नीट हलवले.

"आई, आता जागाच जागा आहे. ती राहिलेली डिस्क बनवून देतो. मग रोज विचारणार नाही."

मी त्याचा हात धरला.

"राहू दे, बाबू. विचारू दे त्याला. उत्तर येते मले."