पडद्यांची वजनं

आमचे हे गिऱ्हाइकांचे पडदे शिवतात. पडद्याची खालची कड सरळ पडली नाही, तर अजूनही यांचा जीव खालीवर होतो. वाऱ्याने कापड उडू नये म्हणून खालच्या दुमडीत शिशाची वजनं घालायची असतात. त्यांचा डबा कायम शिवणयंत्राशेजारी.

अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, "औषध वजन बघून ठरतं. अंगात ताकद नसेल तर आजाराआधी औषधच माणसाला आडवं करतं. वजन आणखी उतरलं तर उपचार थांबवायचे, नाकातून नळी घालून आधी पोटात अन्न घालायचं, मग पुढचं."

बाहेर येताच यांचं सुरू झालं. "नाकात नळी घालून गिऱ्हाइकांसमोर बसू? आणि उपचार थांबले तर आजार काय माझ्यासाठी थांबणार आहे?"

"मग गुपचूप जेवा," मी म्हटलं.

जेवण म्हणजे रोजची लढाई झाली. सूप नको, अंड्याचा वास येतो, दुधाने मळमळतं. मी विनवायची, भांडायची, एकदा तर वाटी आपटलीसुद्धा. हे दोन घास चिवडून ताट सरकवायचे.

पण दवाखान्यातला काटा मात्र जागचा हलायचा नाही! नर्स कौतुकाने म्हणायची, "वजन छान टिकवलंय हं, काकू." यांचे गाल बसले होते, अंगठी बोटातून गळत होती, मला काय दिसत नव्हतं? पण काटा म्हणतोय म्हटल्यावर मला हायसं वाटायचं. हळूहळू मी ताटामागे लागणंही सोडलं. दवाखान्यात जाताना हे जाड कोट चढवायचे. थंडी वाजते म्हणायचे, आणि ती खरंच वाजायची.

पुढचं औषध झालं आणि तोंड आतून सोलून निघालं. ताप भरला. एका सकाळी दवाखान्यात जायला कोट चढवून तयार झालेले हे शिवणयंत्रावरच कोसळले.

दवाखान्यात नर्सने यांचा कोट काढून माझ्याकडे दिला आणि माझा हात भाराने खालीच गेला. कोटाची कड, पँटच्या दुमडी, कमरपट्टी, सगळीकडे वजनं शिवलेली. टाके इतके सुबक की बाहेरून पत्ता लागू नये. मेल्या कामात तिथेही कसूर नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी कोट हातात तोलून पाहिला. "या देहाला मी एवढं औषध दिलंच नसतं," त्या म्हणाल्या. "आणि नळी तेव्हाच घातली असती तर त्यांनी उपचार पेलले असते. आता औषध देता येणार नाही. आता जपायचं, एवढंच."

मी खाटेशी जाऊन फणकारले, "अहो, निदान मला तरी सांगायचं!"

"तुला सांगितलं असतं तर तू नळी घालायला लावली असतीस."

"लावलीच असती!" म्हणताना माझा आवाज फाटला.

दुपारी नर्सने नळी घातली. यांनी डोळे घट्ट मिटून माझं मनगट धरलं. एकदा ठसका लागला, बस. मग पिशवीतलं दुधाळ अन्न थेंब थेंब खाली उतरू लागलं. यांनी डोळे उघडले, नळीला बोट लावून पाहिलं.

"एवढंच होतं होय गं?" हे म्हणाले.

कोट माझ्या मांडीवर होता. तो उचलून बाजूला ठेवण्याचीही ताकद माझ्यात उरली नव्हती.