भिंतीकडे तोंड करून

आमच्या नॉर्थ डकोटा राज्यात शाळांच्या वक्तृत्व स्पर्धेला पहिल्यांदा आलेला माणूस हमखास दचकतो. कोट-टाय घातलेली पोरं-पोरी व्हरांड्यात उभी असतात, सगळ्यांची तोंडं भिंतीकडे, आणि जो तो हातवारे करून भिंतीला काहीतरी पटवत असतो. हा आमचा सराव. शेजारच्याचं ऐकायचं नाही, हा नियम कुणी मोडत नाही. म्हणून भिंतीपाशी मी बिनधास्त असायचो. एरवी वर्षभर माझी पाचावर धारण बसलेली.

माझा प्रकार भाषणाच्या चिरफाडीचा. दुसऱ्याचं भाषण घ्यायचं आणि ते ऐकणाऱ्याला कसं गुंडाळतं ते उलगडून दाखवायचं. स्वतःचं मत द्यायचं नाही. आम्हाला वक्तृत्व शिकवणाऱ्या ड्वोराक बाईंनी विधानसभेतली भाषणं छापून आणली, चिठ्ठ्या टाकल्या, आणि माझ्या हाताला आलं आमदार ऑरिन हाउगन यांचं. म्हणजे माझ्याच बापाचं. समलिंगी माणसांना नोकरीवरून काढता येऊ नये, भाड्याच्या घरातून हुसकता येऊ नये, असं विधेयक आलं होतं. ते पाडायला बाबा बोलले होते, आणि ते पडलं.

"बदलून देऊ का रे, सोरेन?" बाईंनी विचारलं.

"कशाला? रोज जेवताना ऐकतोच की."

सगळे हसले. नको म्हणालो असतो तर कारण द्यावं लागलं असतं, आणि खरं कारण घरी कळलं तर काय होतं ते मी पाहिलं होतं. आमच्या गल्लीतल्या गुन्नारचे कपडे त्याच्या बापानं काळ्या पिशव्यांत भरून बाहेर बर्फात ठेवले होते. तोही माझ्यासारखाच.

भीतीनं माणूस अभ्यास फार बारकाईनं करतो. मी थेट अंतिम फेरीत पोचलो. प्रत्येक शाळेनं परीक्षक म्हणून आईबापांना आणायचं असतं. यंदा बाबा आले. त्यांना पलीकडच्या इमारतीत पाठवलं होतं, म्हणून मी निर्धास्त होतो.

"'माझ्या घरात हा प्रश्नच नाही,' असं वक्ता म्हणतो आणि सभागृह हसतं," मी भिंतीला सांगत होतो. "या वाक्यात पुरावा नाही, नुसतं एक घर आहे. खरं-खोटं करायला त्या घरात शिरावं लागेल, आणि परक्याच्या घरात कोण शिरतंय?"

"एक राहिलं तुझं," मागून आवाज आला.

बाबा. तिकडचं परीक्षण उरकून आलेले, हातात कॉफीचा कागदी पेला. आमचा नियम त्यांना कुठून माहीत असणार? मी गर्रकन वळलो.

"कधीपासून उभे आहात?"

"पहिल्यापासून. म्हटलं, आपला पोरगा भिंतीला काय सांगतो ते तरी बघू." ते हसले नाहीत. "छापील कागदावर दिसत नाही ते. त्या वाक्याआधी मी थांबलो होतो. इतका, की पाणी हवंय का म्हणून सभापतींनी विचारलं."

"का थांबलात?"

"तू डोळ्यांसमोर आलास."

मी भिंतीला टेकलो. म्हणजे यांना माहीत होतं! मी ताटाला ताट लावून जेवत होतो, घाबरत होतो, आणि यांना माहीत होतं.

"तरी बोललात?"

"बोललो. निवडणूक आहे, सोरेन."

"मी... घरी येऊ ना आज?" मला तेवढंच विचारायचं होतं.

"वेडा आहेस का? घर तुझंच आहे." मग इकडेतिकडे बघत, हळू आवाजात म्हणाले, "फक्त आईला सांगू नकोस. आणि ते घराचं वाक्य आत गाळ. आपल्या गावचे लोक बसलेत."

तेवढ्यात दार उघडलं आणि माझं नाव पुकारलं.

आत गेलो. बाबा मागे, दाराजवळच्या खुर्चीत बसले. मी हात पाठीशी धरले. त्या वाक्यापर्यंत आलो. गाळणारच होतो, देवाशपथ. घरी जायचं होतं मला. पण तोंडातून ते नेहमीसारखं निघून गेलं, आणि एकदा निघाल्यावर मला थांबवेना.

"इथे वक्ता थांबतो," मी म्हणालो. "कागदावर ते नाही. तो थांबतो, कारण त्याला आपला मुलगा आठवतो. तो मुलगा मी."

मागे खुर्ची सरकली. माझं भाषण अजून अर्धं राहिलं होतं. मी समोर बघत ते पुरं केलं. मागच्या खुर्चीत कुणी आहे की नाही, हे बघायची माझी छाती झाली नाही.