लाथ नव्हती ती

मित्रांनो, मला हाताळताना जरा जपून, माझ्या कडा विरल्या आहेत. मी नीलगिरीच्या तोडा लोकांची एक जुनी पुतकुळी आहे. मला चादर म्हणालात तरी चालेल, पायपुसणे तेवढे म्हणू नका. पांढऱ्या जाड सुतावरचे माझे तांबडे-काळे भरतकाम सिनमल्ली आजीने ऐन तारुण्यात केले. ना रेघ, ना ठसा, नुसते धागे मोजून. माझी खरबरीत बाजू हीच सुलट. बाहेरची माणसे हटकून माझी उलटी घडी घालतात आणि आजी हटकून ती मोडते.

कितीतरी लग्नांत मी तिच्या अंगावर मिरवले. मग घरात स्वेटर आले आणि मी पेटीत गेले. आजीला धाप लागू लागली तेव्हा तिनेच मला बाहेर काढले. म्हणाली, "दवाखान्यात जायचं तर माझ्या कपड्यात जाईन."

तिथून याआधी दोनदा 'वय झाले' एवढे लिहून तिला परत पाठवले होते. या खेपेला नात नित्या केसपेपरच्या रांगेत होती. तमिळरसी नावाची नर्स आजीच्या चपला काढायला वाकली. आमच्यात लहान बाई वाकली की मोठीने पाऊल उचलून तिच्या कपाळाला लावायचे, हाच आशीर्वाद. आजीने तो मनापासून दिला.

"म्हातारीनं लाथ मारली मला. घेऊन जा हिला."

नित्या धावत आली. "लाथ नाही हो ताई," असे म्हणून तिने स्वतःचे कपाळ आजीच्या पावलाखाली धरले. "हा आशीर्वाद मला तर रोज मिळतो."

"मग माफी तरी मागायला सांग."

नित्याने ते आजीला आमच्या भाषेत सांगितले. आजी धापा टाकत म्हणाली, "आशीर्वादाची कसली माफी? आणि मला म्हातारी म्हणू नकोस म्हणावं, कागदावर नाव आहे माझं. काय होतंय ते मी माझ्या भाषेत सांगणार. हिनं सगळं ऐकायचं, मग लिहायचं."

तेव्हा मला माझ्या मालकिणीचा केवढा अभिमान वाटला!

"आडवी झाले की छातीवर म्हैस येऊन बसते," आजी सांगू लागली. नित्याने शब्दन् शब्द तमिळमध्ये सांगितला.

तमिळरसीचा आवाज उतरला. "आधी का नाही सांगितलंत, सिनमल्ली अम्मा?"

"विचारलं कोणी?"

दुखणे हृदयाचे निघाले. आता तमिळरसी दर महिन्याला औषधे घेऊन आमच्या वस्तीवर येते.

मित्रांनो, जुन्या माणसांनाही सुलट बाजू असते. ती कोणती, हे आधी त्यांनाच विचारत जा.

परवा तमिळरसी आली आणि निघताना आपणहून वाकली. आजीचा पाय सुजलेला, काही केल्या उचलेना. तमिळरसीने ते पाऊल दोन्ही हातांनी उचलून आपल्या कपाळाला लावले.

उठताना तिने खाली घसरलेल्या मला उचलले आणि माझी घडी घातली. खरबरीत बाजू वर. आजीने ती मोडली नाही.