शकुनाची वाटी

"हृदय कमजोर," मोठे डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी लेखणी शाईत बुडवली.

भिंतीला टेकून उभ्या असलेल्या नर्स चंपाबाईंना हसावं की रडावं कळेना. बेळगावच्या त्या इस्पितळात दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, ऑपरेशनमध्ये दगावलेल्यांची चर्चा व्हायची. चर्चा कसली, एकमेकांवर पांघरूण घालणं. गेल्या महिन्यात तिघे गेले, तिघांनाही म्हणे आणायला उशीर झाला. आता कंग्राळीचा भावकू. बावीस वर्षांचा, अंतर्गळाच्या ऑपरेशनला आपल्या पायांनी चालत आलेला. नांगर धरणारा गडी, आणि म्हणे हृदय कमजोर.

"सायेब, त्यो टेबलावर वकला," त्या म्हणाल्या. "भात पडला. त्योच छातीत गेला. समद्यांनी बघितलंय."

क्लोरोफॉर्म देणारे डॉक्टर धनपाल मान खाली घालून बसले. मोठे डॉक्टर म्हणाले, "बाई, रोग्याला उपाशी ठेवणं वॉर्डाचं काम. म्हणजे तुमचं. तेच लिहू?"

"लिव्हा. पर समदं लिव्हा. मी इचारलं, काय खाल्लंस का रं? न्हाय म्हणाला. शकुनाचा दहीभात खाण्यात कोण धरतंय? मोठ्या कामाला निघालेल्या पोराला आई चार घास भरवतीच. मी हितलीच, मला ठावं हुतं. तरी दह्याचं इचारलं न्हाय. आता हितनं फुडं इचारायचं, ह्येबी लिव्हा."

मोठे डॉक्टर चडफडले, पण त्यांनी लिहिलं. वीस वर्षांच्या नोकरीत चंपाबाईंचं नाव पहिल्यांदाच मृत्यूंच्या त्या वहीत पडलं.

बाहेर व्हरांड्यात भावकूची आई अक्काताई बसली होती. त्याच्या खाटेखाली राहिलेली दहीभाताची पितळी वाटी न्यायला आली होती.

"बाई, खरं सांगा. कशानं गेलं वो माझं प्वार? म्या तर शकुनबी चुकवला न्हवता."

आत एवढं तोंड चालवून आलेल्या चंपाबाईंना स्वतःचाच राग आला.

"काळीज कमजोर हुतं, आक्का."

"व्हय," अक्काताई हळूच म्हणाली. "ल्हानपणी धाप लागायची त्येला."

चंपाबाईंनी घासून ठेवलेली वाटी पुन्हा एकदा पदराने पुसली आणि तिच्या हातात दिली.