मागचे आवाज

कानवाल्याने बारीक नळी वडिलांच्या कानामागून पुढे आणली, रबराची टोपी अलगद आत बसवली आणि बटण दाबलं. म्हाताऱ्याने दचकून खुर्चीचा हात धरला.

"कसं वाटतंय, बाबा?"

"तुझा आवाज एवढा किनरा कधी झाला रे?"

कानवाला हसला. ऐकू यायची मशीनं बसवून देण्याचं त्याचं दुकान होतं. गल्लीने त्याला नाव ठेवलं ते त्यावरूनच. गल्लीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना एकेक करून ऐकू यायला लागलं, पण घरचा म्हातारा 'मला काय धाड भरलीय' म्हणत वर्षानुवर्षं निसटत राहिला. आज सुट्टीच्या दिवशी एकदाचा तावडीत सापडला होता.

वडिलांनी पेपरचं पान उलटलं आणि पेपर लगेच बाजूला टाकला.

"हा पेपर आहे की पत्रा?"

"सुरुवातीला सगळंच अंगावर येतं. पंखा, नळ, फ्रिज. मग रोजचे आवाज मेंदू आपोआप मागे सारतो. सवय होते." दुकानात बोलून बोलून हे वाक्य गोट्यासारखं गुळगुळीत झालं होतं.

म्हातारा डोळे मिटून एकेक आवाज वेचू लागला, लहान पोराने शिंपले वेचावेत तसा. "हा पंखा. ही घुंघुं फ्रिजची. आणि मधूनच हे कण्हतंय कोण?"

"कुठं?"

"आत. 'आई गं' म्हणतंय."

"शेजारचा टीव्ही असेल."

"टीव्ही नाही. ऐक."

कानवाल्याने मान कलती केली. भर गर्दीत, काउंटरपलीकडच्या गिऱ्हाइकाचं मशीन किंचित शिटी मारत असलं, तरी त्याला कळायचं. स्वयंपाकघरात खालचा खण सरकला, भांडं निघालं, आणि उठतानाच्या श्वासाला लागून आलं, "आई गं." बारीक, दमलेलं.

त्याची आई. आवाज नवा नव्हताच. सकाळी त्याचा डबा भरताना तो होता, रात्री अंथरूण घालताना होता. उंबऱ्यासारखा रोज ओलांडलेला, म्हणून कधी न दिसलेला. कानवाल्याचे कान तापले. तो मशीनची रिकामी डबी उगाच उघडू-मिटू लागला.

आई चहा घेऊन आली. "ऐकू येतंय का हो?" नाक्यापर्यंत पोचेल अशा नेहमीच्या पट्टीत तिने विचारलं.

"अगं, ओरडतेस काय? बहिरा आहे का मी?"

हसत हसत ती कप ठेवायला वाकली. "आई गं."

"कधीपासून दुखतंय?" म्हाताऱ्याने विचारलं.

"काय दुखतंय?"

"कंबर. कण्हतेस ती."

"मी? छे! मी कुठं कण्हते?" तिला खरोखरच नवल वाटलं. ती मुलाकडे वळली. "काय रे, मी कण्हते?"

"त्यालाच विचार," म्हातारा म्हणाला. "त्याला तर सगळं ऐकू येतं."

कानवाल्याने चहात बुडवलेली नजर वर काढली नाही. "कण्हतेस."

"कधीपासून?" आईने विचारलं.

दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला त्याचा पहिला प्रश्न हाच असायचा. त्याने कप तोंडाला लावला. जीभ पोळली.

"माहीत नाही."

चोरी पकडली गेल्यासारखा आईचा चेहरा झाला. "बाई गं! डोकं उठत असेल की तुझं. सांगायचंस ना रे मला." आणि ती लगबगीने आत गेली.

चहावर साय धरू लागली. आत खालचा खण सरकला. भांड्याला भांडं लागलं. खण पुन्हा लागला. आता ती उठत असणार.

काहीच आलं नाही.

म्हाताऱ्याने कानामागच्या मशीनवर बोटाने टिचकी मारली. "बंद पडलं का रे?"

"नाही, बाबा," कानवाला उठत म्हणाला. "चालू आहे."